नाईलची उघाडी

परवाच्या उधाणाला आमच्या खाडीकडच्या बांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं-अडवायचं दार, गळायला लागली, काका आणि मी रात्री बॅटरी घेऊन धावलो, तरी खारं पाणी शेतात घुसलंच, आणि चिखलात उभं असताना मला सारखा सुलतान अल-कामिल आठवत होता.

हा क्रुसेडवाल्यांकडून जेरुसलेम जिंकणाऱ्या सलाहुद्दीनचा पुतण्या, इजिप्तचा सुलतान. १२१८ मध्ये क्रुसेडवाल्यांनी, म्हणजे जेरुसलेम परत मिळवायला युरोपातून आलेल्या ख्रिस्ती फौजांनी, नाईलच्या मुखावरचं दमिएत्ता शहर वेढलं आणि १२१९ च्या नोव्हेंबरात घेतलं. कामिल म्हणत होता जेरुसलेम घ्या पण इजिप्त सोडा. अहो ज्या शहरासाठी एवढा खटाटोप तेच फुकट मिळतंय! क्रुसेडवाल्यांतला राजा जॉन ऑफ ब्रिएन तयार होता, पण पोपचा प्रतिनिधी पेलागियस काही ऐकेना. मला त्याचा खरंच राग येतो.

मग जुलै १२२१ मध्ये फौज कैरोकडे निघाली, म्हणजे ऐन नाईलला पूर यायच्या टायमाला. आमच्याकडचं शेंबडं पोर पण सांगेल की पाणी चढत असताना बांधाखालच्या जमिनीत उतरायचं नसतं. इजिप्तवाल्यांनी बांध फोडले, दारं उघडली, वाटा बुडाल्या, मागे फिरायलाही जागा उरली नाही. ऑगस्टअखेर सगळे शरण आले, दमिएत्ता परत गेलं, आठ वर्षांचा तह झाला.

आणि कामिलने काय केलं तर त्या उपाशी शत्रूंना जेवायला घातलं. हे त्यांच्यातल्याच ऑलिव्हर नावाच्या पाद्र्याने लिहून ठेवलंय.

काकांना बांधावर बसूनच हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पाणी ओळखणारा माणूस होता रे."