करंगळीएवढी धार

"थांब आई, पंप दाबते." व्हिडिओ कॉलवर लेकीने पायाने पॅडल दाबलं, तेव्हा कुठे नळातून करंगळीएवढी धार आली. तिच्यात तिने दोन कप विसळले. ताटं आधीच समुद्राच्या पाण्यात घासून झाली होती.

लेक-जावई शिडाच्या बोटीवर राहतात. सध्या मलेशियात, लंगकावीजवळ नांगर टाकलाय. टाकीत २०० लिटर गोडं पाणी, ते दोघांना दोन आठवडे पुरवायचं. अंघोळ खाऱ्या पाण्याने, शेवटी अंगावर एक तांब्या गोडं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे ते प्यायची सोयच नाही.

शेजारी बसलेल्या सासूबाई फोनमध्ये वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "समिंदरमा राहीसन बी पानीनी टंचाई?"

लेक म्हणाली, "आजी, तुझंच बघून शिकले गं. तांदूळ धुतलेलं पाणी तू तुळशीला घालायचीस."

सासूबाई गप्प झाल्या. डोळ्यांना पदर लावला.

फोन ठेवून मी मोरीत गेले. अमळनेरचा मे महिना, ड्रम अर्ध्यावर, नळ परवा येणार. तांब्या बुडवला आणि हात तिथेच थांबला. रोज ओतते, पण त्या धारेकडे असं कधी बघितलंच नव्हतं.

तुमच्याकडे तांदूळ धुतलेलं पाणी कुठे जातं?