आमची वाटचाल : आधी फळा, मग गाडी

इंदूरच्या लोकमान्य नगरातील आमच्या वर्गात पहिल्या दिवशी कोणालाही गाडीची किल्ली मिळत नाही, आणि यावरून आमची थट्टा करणाऱ्यांची या शहरात कधीच वाण पडलेली नाही. येणाऱ्याच्या खिशात परवाना असतो, क्लच आणि गिअर त्याच्या अंगवळणी पडलेले असतात; टायरची पकड कुठे संपते एवढेच त्याला ठाऊक नसते, आणि आम्ही शिकवतो ते तेवढेच.

माझे पहिले भागीदार, ज्यांना सारे ‘भाऊ’ म्हणत, व्हील अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याच्या कामात मुरलेले होते. फळ्यावर चिकटणाऱ्या चुंबकाच्या छोट्या गाड्या, हवेचा दाब मोजणारा गेज, टायरच्या नक्षीची खोली मोजण्याचे माप आणि पांढरा खडू ही वर्गाची सामग्री त्यांनीच जमवली. त्यांतला खडू मला सर्वांत प्रिय आहे. टायरच्या कडेवर खडूची रेघ ओढून दोन-चार वळणे घेतली, की रेघ कुठवर पुसली गेली त्यावरून टायर किती दुमडला ते दिसते आणि हवा वाढवायची की कमी करायची ते ठरते. ताशी ५० किलोमीटरऐवजी १०० किलोमीटर वेग असेल तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट न होता चौपट होते, हे भाऊ फळ्यावर मांडून दाखवत. शिवाय १०० च्या वेगात पाय ब्रेकपर्यंत पोहोचायला लागणाऱ्या एका सेकंदातच गाडी सुमारे २८ मीटर पुढे गेलेली असते, हे ऐकून मागच्या बाकावरची कुजबुज थांबत असे.

मधली वर्षे सुरळीत गेली. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग बंद पडला, तरी सरावासाठी घेतलेल्या देवास नाक्याजवळच्या गोदामाच्या पटांगणाचे भाडे आम्ही थकवले नाही. पुढे जून २०२१ मध्ये पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रात वाहनांच्या चाचणीसाठी बांधलेल्या ११.३ किलोमीटरच्या हायस्पीड ट्रॅकचे उद्घाटन झाले, आणि शहरातील दुसऱ्या एका संस्थेने त्या ट्रॅकचे छायाचित्र आपल्या जाहिरातीत छापून ‘वर्ग नाही, थेट वेग’ अशी हाक दिली. त्यांची शिकवणी मात्र बायपासलगतच्या मोकळ्या जागेत चाले. तेवढ्यावर न थांबता त्यांनी आमच्या पटांगणाच्या मालकाला जास्त भाडे देऊ केले, आणि मालकाने आम्हाला महिन्याच्या आत जागा सोडायला सांगितले. भाऊ प्रकृतीमुळे आधीच निवृत्त झाले होते. नाव नोंदवलेले विद्यार्थी पैसे परत मागू लागले आणि सरावाची गाडी विकायला काढण्यापर्यंत वेळ आली. त्या जाहिरातीतील ‘वर्ग नाही’ हे शब्द मला आजही सलतात.

त्या वेळी धावून आल्या त्या स्नेहलतागंजच्या डॉक्टरताई. रात्री-अपरात्री प्रसूतीसाठी जावे लागते म्हणून त्या आमच्या पहिल्या तुकडीत आल्या होत्या आणि नंतर घरातील प्रत्येकाला त्यांनी आमच्याकडे धाडले होते. सांवेर रोडवरील आपल्या भावाच्या कारखान्याचे आवार त्यांनी रविवारपुरते मिळवून दिले, आणि ‘भाडे वेळेवर द्या, उपकार मानू नका’ असे बजावले. आजही सराव तिथेच होतो.

सरावाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पाठ आसनाला टेकलेली असताना हात लांब केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. ज्याचे टेकत नाही, त्याने वेगाच्या गोष्टी करू नयेत. टायरची हवा गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असतानाच तपासावी. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावरही चाके अडकू न देणारी यंत्रणा असलेल्या गाडीत ब्रेकचे पेडल पायाखाली थरथरले तर पाय उचलू नये, उलट आणखी दाबावा. नजर, जिथे जायचे आहे तिथे ठेवावी, कारण खड्ड्याकडे टक लावणारा हमखास खड्ड्यातच जातो.

ती संस्था अजून चालू आहे. तिथे शिकून आलेले काही जण अलीकडे आमच्याकडे नाव नोंदवतात. त्यांनाही पहिल्या दिवशी फळ्यासमोरच बसवतो, आणि शुल्कात सवलत देत नाही.