अ‍ॅल्युमिनियमची फिशिंग बोट घ्यायला निघालो आणि टेप घेऊन फिरत बसलो

गळ टाकायचा नाद जुना आहे पण इतकी वर्षं काठावरूनच. शेवटी ठरवलं की आता स्वतःची बोट घ्यायची, आणि ती अ‍ॅल्युमिनियमचीच, कारण फायबरची जड होते, दगडावर घासली की दुरुस्तीचं लफडं, आणि मला दोघांत उचलून सरकवता येईल अशी हवी होती. घरी एक १५ हॉर्सपॉवरचं जुनं आउटबोर्ड इंजिन पडून होतं, म्हणलं चला अर्धं काम झालंच आहे. याच इंजिनाने नंतर मला सगळ्यात जास्त रडवलं, ते पुढे सांगतो.

सुरुवातीला मी फक्त लांबी बघायचो. १४ फूट की १६ फूट, एवढंच डोक्यात. पहिली चालवून बघितली ती सपाट तळाची. उभं राहून गळ टाकला तरी हलत नव्हती, अगदी ओट्यावर उभं राहिल्यासारखं, आणि उथळ पाण्यात कुठेही घुसायची. मी जवळजवळ हो म्हणालोच होतो. पण दुपारी वारा सुटला आणि परत येताना छोट्या छोट्या लाटांवर तळ असा काही आपटायला लागला की कंबर धरून बसलो. मग उलट टोक म्हणून खोल व्ही तळाची बघितली. ती लाटा मस्त कापते, पण उभी केली की एका बाजूला दोघं गेले की लगेच कलते, आणि तिला ओढायला माझं इंजिन अपुरं. म्हणजे कुठलीच बोट वाईट नसते, आपण मासे कुठल्या पाण्यात धरणार हे आधी ठरवायचं असतं आणि मी ते सोडून बाकी सगळं ठरवत होतो. माझं पाणी गोडं, सकाळी आरशासारखं आणि दुपारी खवळणारं, त्यामुळे सेमी व्ही, म्हणजे पुढे धारदार आणि मागे जवळपास सपाट. हे कळायला एक महिना गेला.

पत्रे रिव्हेटने (ठोकून बसवलेल्या धातूच्या खिळ्यांनी) जोडलेली बोट घ्यायची की वेल्डिंगची, यावर मित्राशी वाद घातले. तो स्वतः वेल्डर, त्यामुळे त्याचं मत काय असणार ते सांगायला नको. वेल्डिंगच्या बोटीला सहसा जाड पत्रा असतो, दणकट पण वजन वाढतं. रिव्हेटवाली हलकी, फक्त वर्षानुवर्षं आपटून आपटून काही रिव्हेट सैल होतात आणि थेंब थेंब पाणी येतं. ते घट्ट करता येतात, पण ठोकताना आतून एकाने आणि बाहेरून दुसऱ्याने धरावं लागतं. मला हलकी हवी म्हणून रिव्हेट. मित्र अजून तोंड वाकडं करतो.

आता इंजिनाची गोष्ट. एक १६ फुटी सेकंडहँड बोट मनात भरली, सीट छान, रंग छान, अ‍ॅडव्हान्स द्यायला खिशात हात घातला आणि मित्र म्हणाला, अरे ट्रान्सम मोजलास का? ट्रान्सम म्हणजे मागची उभी पाट, जिच्यावर इंजिन टांगतात. मधोमध वरपासून तळापर्यंत मोजलं तर २० इंच. माझं इंजिन शॉर्ट शाफ्ट, म्हणजे पंख्यापर्यंतचा दांडा आखूड, ते १५ इंचाच्या ट्रान्समसाठी. लावलं असतं तर पंखा फार वर राहून हवा खेचत नुसता भुंगाट फिरला असता, बोट जागची हलायची नाही. त्या दिवसापासून टेप खिशात.

दुसऱ्या बोटीला ट्रान्सम बरोबर १५ इंच होता म्हणून खूश झालो. पण हातोडीने हलकं ठोकत गेलो तर वरच्या कोपऱ्यात टणटण यायचं ते खाली भद्द भद्द. अनेक बोटींत या पाटीच्या आत प्लायवुड असतं आणि बोल्टच्या भोकातून पाणी मुरलं की ते आतल्या आत कुजतं, बाहेरून पत्रा चकाचक. इंजिनाचा खालचा भाग धरून वर उचललं तर अख्खी पाट हलली. कोणीतरी मधे एक तुकडा बदललाही होता पण कीड लागू नये म्हणून तांब्याचं औषध दिलेलं लाकूड वापरलेलं, ते ओलं होऊन अ‍ॅल्युमिनियमला चिकटलं की पत्रा खातं. पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे दिसत होते. मालक म्हणे, मीठ असेल. गोड्या पाण्यात मीठ कुठून येणार, पण वाद नाही घातला, नमस्कार करून निघालो.

तिसरी घेतली. १४ फुटी, दिसायला पहिल्या दोघींपेक्षा गरीब. बोट तरंगत राहावी म्हणून फळीखाली भरलेला फोम पाणी पिऊन जड होऊन बसलेला असतो असं ऐकलं होतं म्हणून ट्रेलरसकट काट्यावर नेली, ट्रेलरचं वजन वजा केलं, कंपनीने दिलेल्या वजनाच्या जवळपास आलं. मग ट्रेलरवरच तळाशी चार बोटं पाणी ओतलं (जास्त नको, एक लिटर म्हणजे एक किलो, ट्रेलरवर भार येतो) आणि आम्ही दोघं खाली आडवे होऊन बघत बसलो. तीन रिव्हेट टपकत होते, खडूने गोल केले, दोन तासात ठोकून झाले. बोटीवरच्या प्लेटवर जास्तीत जास्त २० हॉर्सपॉवर लिहिलंय, म्हणजे माझं १५ चालतं. गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड (बोटीच्या पत्र्याऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) लावला, जुना झिंकचा होता तो काढला.

एकच राहिलं, आवाज. पत्र्यावर पक्कड पडली की ढोल वाजतो आणि मासे पसार, म्हणून खाली रबरी मॅट टाकली. पहिल्याच दिवशी मित्राने डबा त्या मॅटच्या बरोबर बाहेर आपटला.