एकाच नावाची दोन कार्डं

कॉलेजच्या लॅबमधले सगळे पीसी एका वर्षी, एका जातीचे कधीच येत नाहीत. ज्या वर्षी जेवढं बजेट मंजूर होतं, तेवढी मशिन्स येतात. 2022 साली आमच्या मेकॅनिकलच्या लॅबमध्ये काही मशिन्सवर नुसतं इंटेलचं ऑनबोर्ड ग्राफिक्स होतं, काहींत एनव्हिडियाचं जीटी 710, दोन रांगांत जीटी 730 आणि नव्या मशिन्समध्ये जीटीएक्स 1650. या सगळ्यांवर क्लोनझिला या डिस्क कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने उबंटू 22.04 या लिनक्सची एकच इमेज, म्हणजे तयार डिस्कची हुबेहूब प्रत, टाकायची होती. कार्ड चालवणाऱ्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसाठी 470 ही शाखा, म्हणजे आवृत्त्यांची मालिका, ठरली होती. 710 आणि 730 दोन्ही केप्लर या चिप-पिढीचे असं धरलं होतं; तिला चालणारी ती शेवटची शाखा, आणि 1650 लाही ती चालते. इंटेलचा ड्रायव्हर तर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो.

इमेज टाकून झाली आणि लॅब असिस्टंटने हाक मारली, "सर, खिडकीकडची रांग बघता का जरा? फ्रीकॅडमध्ये पार्ट फिरवला की मशिन अडकतंय."

फ्रीकॅड म्हणजे मुलं यंत्रांचे भाग 3डीमध्ये काढतात ते सॉफ्टवेअर. जाऊन बघितलं तर स्क्रीन 1024×768 वर, सेटिंग्जमध्ये दुसरा पर्यायच नाही. पलीकडच्या रांगेत तीच इमेज, तेच जीटी 730, आणि मॉडेल सुरळीत फिरतंय. दुसऱ्या दिवशी मुलांची प्रॅक्टिकल परीक्षा.

अशा वेळी जो तो ड्रायव्हर पुन्हा टाकायला सांगतो. मी आधी कर्नलचा लॉग वाचतो. तिथे सरळ लिहिलं होतं: या कार्डाला 390 ही लेगसी, म्हणजे जुन्या कार्डांसाठीची, शाखा लागते, 470 चा ड्रायव्हर त्याच्याकडे दुर्लक्ष करेल. शिवाय एनव्हिडियाचं पॅकेज नूवो हा मुक्त ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करून टाकतं, म्हणजे लोडच होऊ देत नाही. म्हणजे कार्डाला वाली उरला नव्हता, सगळं चित्र एकटा प्रोसेसर काढत होता.

मग दोन्ही रांगांतल्या कार्डांचे पीसीआय आयडी, म्हणजे चिप ओळखायचे क्रमांक, काढले. पलीकडे 10डीई:1287, खिडकीकडे 10डीई:0एफ02. पहिली चिप जीके208, केप्लर, 384 कोअरची. दुसरी जीएफ108, आधीच्या फर्मी पिढीची, 96 कोअरची. जीटी 730 या नावाने दोन्ही विकली गेली आहेत, त्यामुळे बिलावर आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये फरक दिसायला जागाच नव्हती. कॅबिनेट उघडल्यावर मात्र दिसला: आमच्याकडच्या केप्लर कार्डाची स्लॉटमध्ये बसणारी सोनेरी पट्टी आखूड, फर्मीची पूर्ण लांबीची.

संध्याकाळी इमेजमधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर काढून टाकला. पहिल्यांदा बूट होताना एक छोटी स्क्रिप्ट आयडी वाचते आणि लॅबच्याच सर्व्हरवरून 390 किंवा 470 उचलते. एनव्हिडियाचं कार्डच नसेल तर काही करत नाही. फर्मीच्या रांगेत कर्नल 5.15 वर होल्ड करून ठेवला, म्हणजे पुढे अपडेट होऊ दिला नाही, कारण नव्या कर्नलवर जुन्या शाखेचं मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग) बिल्ड होईलच याची खात्री नसते. परीक्षा त्याच मशिन्सवर झाली.

त्या डिसेंबरमध्ये 390 चा सपोर्ट संपला, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्याही बंद. ती रांग बदलण्याचा प्रस्ताव मी दिला, आणि त्यात एक अट घातली: कोटेशनमध्ये कार्डाच्या नावापुढे चिपचं नाव हवं, आणि माल उतरल्यावर आयडी तपासल्याशिवाय बिलावर सही नाही. अकाउंट्सवाल्यांनी आधी कुरकुर केली, पण रजिस्टरमध्ये चिपच्या नावाचा रकाना आता छापूनच येतो.