शेंगाचटणी आणि रीसलिंग

आज जुळे सोलापुरात एका स्नेह्यांकडे निरनिराळ्या देशांच्या वाइन आपल्या जेवणाबरोबर चाखून पाहिल्या. अर्जेंटिनातील मेंडोसा प्रांताची माल्बेक ही लाल वाइन मटणाच्या झणझणीत रश्श्याबरोबर शोभेल, अशी सर्वांची अटकळ होती; परंतु तिच्यातील टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतून येणारा तुरट घटक) आणि सुमारे 14 टक्के अल्कोहोल यांमुळे मिरचीचा जाळ अधिकच जाणवला आणि दुसऱ्याच घोटाला कपाळावर घाम आला. याउलट जर्मनीतील मोझेल खोऱ्याची गोडसर रीसलिंग ही पांढरी वाइन, जिच्यात अल्कोहोल जेमतेम 8-9 टक्के असते, शेंगाचटणी आणि कडक भाकरीबरोबर इतकी जुळली की वहिनींना चटणीची वाटी पुन्हा भरावी लागली. तिच्या गोडव्याने तिखट निवते आणि आंबटपणाने दाण्यांचा तेलकटपणा जिभेवरून उतरतो. (चटणी मात्र उखळात कुटून तेल सुटलेलीच हवी, मिक्सरमधल्या भुकटीचे काम नव्हे.) माल्बेकला न्याय मिळाला तो कमी तिखटाच्या सुक्या मटणाबरोबर, कारण मांसातील प्रथिनांमुळे टॅनिनचा तुरटपणा सौम्य होतो. फ्रान्सची शाब्ली ही पांढरी वाइन आपल्या मसाल्यापुढे पार दबली. सोलापूरजवळच्या नान्नजच्या द्राक्षांची वाइन का होत नाही, असेही कोणी विचारले. ती द्राक्षे खाण्यासाठी जोपासलेली, बिनबियांची आणि पातळ सालीची, तर लाल वाइनला रंग व टॅनिन देणारी द्राक्षे लहान, जाड सालीची आणि बियांची असतात.