बादलीचा तांबडा पट्टा आणि माझ्या लोहाच्या गोळ्या

बोअरच्या पाण्याने बादलीला आतून जो तांबडा पट्टा धरतो ना, तो घासताना मी इतकी वर्षं नुसती वैतागत होते, त्याचा माझ्या रक्ताशी काही संबंध असेल हे कधी डोक्यातच आलं नाही.

झालं असं की हिमोग्लोबिन आलं १०.८, बायकांना १२ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया, मग लगेच लोहाच्या गोळ्या सुरू. रोज ६० मिलिग्रॅम. पोट साफ होईना, मळमळ वेगळीच, तरी नेटाने तीन महिने घेतल्या आणि आकडा जागचा हलला नाही! दुसऱ्या डॉक्टरांनी आधी विचारलं, पाणी कुठलं पिता? मग फेरिटिन करायला लावलं, म्हणजे शरीरात लोहाचा साठा किती ते. अंगात सूज किंवा इन्फेक्शन असलं तरी फेरिटिन वाढलेलं दिसतं म्हणून सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) पण केलं, ते नॉर्मल. साठा भरपूर होता. कमी होतं ते व्हिटॅमिन बी१२, त्यानेही हिमोग्लोबिन उतरतं, आणि मी गिळत होते लोह.

बोअरचं पाणी ग्लासात काढलं तेव्हा अगदी स्वच्छ दिसतं, सकाळपर्यंत पिवळट होतं आणि तळाला गाळ बसतो. विरघळलेल्या लोहाला हवा लागली की असं होतं. लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की चव आणि डाग कळायला लागतात. समजा ५ असलं आणि दिवसाला दोन लिटर प्यायलात तर झाले १० मिलिग्रॅम, लहान मुलांच्या जेवणात मिसळायच्या लोह-व्हिटॅमिनच्या पावडरच्या पुडीत साधारण तेवढंच असतं (सगळं अंगी लागत नाही हे खरं, पण रोज पोटात जातंय). बांगलादेशात २०११-१२ च्या सर्वेक्षणात गरोदर नसलेल्या आणि अंगावर न पाजणाऱ्या बायकांपैकी २६ टक्के अ‍ॅनिमिक होत्या पण लोहाची कमतरता फक्त ७.१ टक्क्यांना, आणि तिथे हातपंपाच्या पाण्यात लोह भरपूर आहे.

साठा भरला की लिव्हर हेपसिडिन नावाचं हार्मोन वाढवतं आणि आतडं लोह आत घ्यायचं कमी करतं, मग गोळीतलं बरंचसं तसंच खाली जातं, पोटाला त्रास देऊन. ज्यांच्या पाण्यात लोह नाही आणि साठाही रिकामा आहे त्यांना हीच गोळी मस्त लागू पडते, म्हणून बादली बघून कुणी गोळ्या बंद करू नका, गरोदर असाल तर मुळीच नको, आधी टेस्ट करा. आणि तांबडं पाणी म्हणजे टॉनिक पण नव्हे हं, अशा पाण्यात कधीकधी आर्सेनिकही असतं.

गंमत म्हणजे मागच्या महिन्यात घरच्यांनी लोह काढायचा फिल्टर बसवला. बादली आता चकाचक. सहा महिन्यांनी फेरिटिन परत करायचंय.