कोणते बंध तुटतात?

चोपडा तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो. जानेवारीत बारावीच्या क्षारपरीक्षणाची, म्हणजे अज्ञात क्षारात काय आहे ते ओळखण्याची, उजळणी चालू होती. वायू तयार करणाऱ्या किपच्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड वायू द्रावणात सोडून दुसऱ्या गटातील धातूचा काळा साका मिळवायचा होता आणि सडक्या अंड्यांसारख्या वासामुळे सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या. शेजारच्या बीकरमधील उकळत्या पाण्याकडे बोट दाखवून मी नेहमीचे वाक्य बोललो, की उष्णतेने बंध तुटतात आणि पाण्याची वाफ होते. बोलताना घरची अहिराणी तोंडात येईल म्हणून एरवी गप्प राहणाऱ्या एका मुलाने विचारले, “सर, बंध तुटले तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटायला हवेत. मग वाफ पेटत का नाही?”

उत्तर मला ठाऊक होते, पण इतक्या वर्षांत ते मी वर्गात सांगितलेच नव्हते.

मी मोरचूद तापवायला घेतले. आच मंदच ठेवावी लागते, नाहीतर भुकटी काळी पडते. आतले पाणी निघून जाऊन निळे स्फटिक पांढरे झाल्यावर बीकरमधून येणाऱ्या वाफेवर गार पाण्याचा चंबू धरला आणि त्याच्या बुडाशी जमलेले थेंब त्या भुकटीवर सोडले. ती पुन्हा निळी झाली, म्हणजे वाफ होऊनही पाणी पाणीच राहिले होते. मग फळ्यावर आकडे मांडले. १८ ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ४१ किलोज्यूल ऊर्जा पुरते. त्यातील प्रत्येक रेणूचा एकच ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायचा म्हटला तरी ४६० किलोज्यूलहून अधिक लागते. तेवढाच बर्फ वितळवायला तर अवघे ६ किलोज्यूल लागतात, कारण वितळताना रेणूंची एकमेकांवरील पकड थोडीच ढिली होते आणि ते सरकू लागतात. ती पुरती सुटते उकळताना.

त्यावर त्यानेच किपच्या उपकरणाकडे पाहत विचारले, “मग हा वायू का?” हायड्रोजन सल्फाइडचा रेणूभार ३४, पाण्याचा १८; तरी तो उणे ६० अंशांनाच उकळतो, कारण गंधकाला ऑक्सिजनइतके इलेक्ट्रॉन ओढता येत नाहीत आणि त्याच्या रेणूंमध्ये हायड्रोजन बंध, म्हणजे एका रेणूतल्या हायड्रोजनला शेजारच्या रेणूची असलेली ओढ, जवळपास जुळतच नाहीत; पाण्याच्या रेणूंची पकड याच बंधांची असते. इतका नेमका प्रश्न मला परीक्षेत कधी दिसलेला नाही. तेथे ‘हायड्रोजन बंधामुळे’ एवढे लिहिले की गुण मिळतात, आणि तसे गुण मीही दिले आहेत.

त्या रात्री जुनी टिपणवही काढली. “उष्णतेने बंध तुटतात” हे वाक्य तिच्यात माझ्याच अक्षरात आहे, आणि तिच्यावरून शिकलेली काही मुले आज आजूबाजूच्या शाळांत विज्ञान शिकवतात.